हाडाचं रडणं ऐकणारी आवडाई

फार वर्षांमागची गोष्ट. तेव्हा कोंडसरी गावाभोवती करवंदांची दाट जाळी होती आणि भर दुपारी तिकडे कुणी एकटं फिरकत नसे. जाळीच्या कडेला आवडाई राहायची. ती मोडलेली हाडं बसवायची. आधी हाडाला कान लावायची. आतलं रडणं तिला ऐकू यायचं, असं म्हणतात.

एके दुपारी रायबा शेलार आपल्या धोंडूला पाठुंगळी घेऊन आला. पोर जांभळीवरून पडलं होतं, नडगी मोडली होती. सूज चढायच्या आत हाड बसलं नाही, तर पोर जन्माचं लंगडं होणार होतं.

आवडाईनं लेप कालवला. "हा लावते. बधिर झालं की ओढते."

"लेपबिप नको," रायबा म्हणाला. "आत्ता लाड केले की पोर कायमचं मऊ पडतं. आणि एवढ्याशा जीवाला दुखतंय कितीसं? मुंगी चावल्यागत."

"मुंगीनं नडगी मोडली होय रे?"

धोंडू हसला नाही, रडलाही नाही. बाप बघत होता, म्हणून दात आवळून पडला होता. पाय दगडासारखा ताठ. अशा पायात हाड सरकत नाही.

आवडाईनं नडगीला कान लावला. आत काहीच नव्हतं. रडणं येत होतं ते शेजारून. ती उठली आणि तिनं रायबाच्या वाकड्या कोपराला कान लावला.

"माझं काय बघतेस, आवडाई? ते जुनं आहे."

"आत एक पोर रडतंय. त्याचं तोंड कुणी दाबलंय?"

रायबा पांढराफटक पडला. "आबानं... माझ्या बापानं..." एवढंच तो म्हणाला, आणि त्याच्या उघड्या तोंडातून लहान पोराचा टाहो बाहेर पडला. झाडावरचे कावळे गप्प झाले. गाय दावं ताणून मागं सरली. रायबाचे ओठ हलत नव्हते, तरी आवाज येतच होता, असं म्हणतात.

ते ऐकून धोंडूनं भोकाड पसरलं. रायबानं त्याला उराशी धरलं आणि स्वतःच्या हातानं लेप लावला. पाय सैल पडला, आवडाईनं ओढला, हाड बसलं.

त्याच दिवशी जाळीतून कितीतरी पोरांचं रडणं यायला लागलं. गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी त्यात आपापला लहानपणचा आवाज ओळखला. आवडाई ऐकायला आत गेली. ती परतलेली कुणी पाहिली नाही.

कोंडसरीत आजही पोराचे कान टोचायला सोनार आला, की आधी घरातल्या मोठ्यानं आवडाईचं नाव घ्यायचं आणि लहानपणी आपल्याला काय दुखलं होतं, ते पोरासमोर सांगायचं. काहींच्या तोंडून शब्दच फुटत नाही. सोनार सुई खाली ठेवून थांबतो. कुणीतरी कान लावून बसलंय, हे त्याला ठाऊक असतं.