भांडणाऱ्या सुतारांचे घर

फार पूर्वी शोणवती नगरीत पद्मसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका धान्यव्यापाऱ्याच्या कुळात जन्माला आला होता. त्याच्या बायकोचे नाव उत्पला. मनाने मायाळू, पण जिभेने तिखट. त्यांच्या जुन्या घराला वाळवी लागली, खांब आतून पोखरले गेले आणि सगळे घर उतरवावे लागले. दोघे धान्याच्या कोठारात राहू लागली. उत्पलेला स्वतःची काळजी नव्हती हो! पण तिची एकुलती एक लेक पाटली पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती, आणि माहेरी घरच नव्हते. चार महिन्यांत नवे लाकडी घर उभे राहायला हवे होते.

नगरात सुतारांच्या दोन टोळ्या नावाजलेल्या होत्या. पहिलीचा मुख्य सर्वमित्र. तो आपली अकरा माणसे घेऊन आला. बोधिसत्त्व त्याला म्हणाला, "माजघरात मधला खांब नको. मला मोकळी जागा हवी."

"जशी आज्ञा, श्रेष्ठी," सर्वमित्र म्हणाला. अकरा माना एकदम डोलल्या. उत्पलेला ही माणसे फारच आवडली.

दुसऱ्या दिवशी पिंगल आणि तिष्य हे भाऊ आपली माणसे घेऊन आले. बोधिसत्त्वाने त्यांनाही तेच सांगितले. थोरला पिंगल डोके खाजवत म्हणाला, "बघू, जमवू काहीतरी."

धाकटा तिष्य तिथेच उसळला. "काय जमवू, दादा? एवढ्या लांब तुळईला मध्ये आधार नको? छप्पर डोक्यावर येईल ह्यांच्या!"

"श्रेष्ठींसमोर तोंड आवर."

"का आवरू?"

मग रंधा मारणारा त्यांचा म्हातारा कारागीर मध्ये पडला आणि त्यानेही पिंगललाच चार शब्द सुनावले. बघता बघता अंगणात नुसता कालवा झाला. उत्पलेने कपाळावर हात मारून घेतला.

माणसे गेल्यावर बोधिसत्त्व शांतपणे म्हणाला, "घर ह्यांच्याकडूनच बांधून घ्यायचं."

"डोकं फिरलं की काय तुमचं?"

"अगं, मधला खांब नको म्हणालो, ती माझी चूक होती. पण त्या अकरा जणांतल्या एकालाही ती बोलून दाखवता आली नाही. उद्या सर्वमित्र चुकला, तर त्याला कोण थांबवणार?"

उत्पलेला हे मुळीच पटले नाही. तीन दिवस तिने नवऱ्याला न बोलता जेवायला वाढले. तोही न बोलता जेवला, आणि चौथ्या दिवशी भावांनी काम सुरू केले.

रोज काही ना काही वाजायचेच. लाकूड ओले आहे, खाच तिरकी आहे, दोरी सैल आहे. पण भांडून झाले की सगळे एकाच पानाभोवती भाकरी मोडायला बसत. उत्पला त्यांना ताक नेऊन द्यायला लागली. एखादी सकाळ शांत गेली तर तीच विचारायची, "काय रे, आज भांडण नाही? बरं आहे ना सगळ्यांचं?"

असे करता करता सगळ्या तुळया चढल्या. फक्त छप्पर राहिले, दोन-तीन दिवसांचे काम. बोधिसत्त्व गाडी घेऊन पाटलीला आणायला गेला. ती दोघे ज्या दिवशी यायची, त्याच दिवशी दुपारी तिष्य माजघरातून ओरडला, "दादा! ही पाचर कुणी मारली?"

पिंगल गप्प राहिला. तो गप्प राहिलेला उत्पलेने प्रथमच पाहिला.

मधल्या खांबाच्या डोक्यावरची खाच त्याच्या हातून सैल झाली होती. त्याने पाचर ठोकून ती घट्ट केली होती आणि वरून लाकडाचा भुसा चोपडला होता. "पोरगी अवघडलेली येतेय रे," तो कसाबसा म्हणाला. "तिला छप्पर मिळावं म्हणून केलं. आता तुळई उतरवायची तर पंधरा दिवस जातील."

सगळे उत्पलेकडे बघू लागले. लेक संध्याकाळी दारात येणार. राहू दे म्हणाली असती, तर कुणी तिला नाव ठेवले नसते. तिने मान वर करून तुळईकडे पाहिले आणि तिला रडूच फुटले.

"हिलाच पाळणा टांगणार होते रे मी," ती म्हणाली. "उतरवा."

तुळई उतरली. पाचर काढली, तर तिच्या खाली खांब वीतभर चिरलेला! ते पाहून पिंगल मटकन खाली बसला. इतका वेळ आरडाओरडा करणारा तिष्य त्याच्याजवळ बसला आणि आपल्या उपरण्याने त्याचे तोंड पुसू लागला.

संध्याकाळी गाडी आली. उत्पला धावत गेली आणि तिने लेकीला पोटाशी धरले. "घर झालं नाही गं बाळे. मीच होऊ दिलं नाही."

बोधिसत्त्वाने उतरवलेली तुळई पाहिली, चिरलेला खांब पाहिला. पिंगल हात जोडून उभा होता. बोधिसत्त्वाने त्याचे जोडलेले हात धरले आणि तो म्हणाला, "उद्या नवा खांब निवडायला मीही येतो."

सुतारांनी आपली कामाची झोपडी झाडून, सारवून दिली. तिथेच आठ दिवसांनी पाटलीला मुलगी झाली. बाहेर दोघे भाऊ वाद घालत होते, फळीच्या फटीतून बाळाला वारा लागतो की नाही म्हणून. उत्पलेने दारातून डोके बाहेर काढले. "भांडा रे," ती म्हणाली, "पण जरा हळू. आमची झोपलीय."

भिक्षूंना ही कथा सांगून त्यांचे गुरू, शास्ता, हसले आणि म्हणाले, "भिक्षूंनो, तो पिंगल आणि तो तिष्य म्हणजे कुटीच्या बांधकामावरून सकाळपासून भांडणारे हे दोन भिक्षू. ह्या दोघांना हाकलून द्या, असे सांगायला आलेली ही उपासिका, तीच तेव्हाची उत्पला. सर्वमित्रही इथेच बसला आहे आणि आताही मान डोलावतो आहे. त्याचे नाव मी घेत नाही. तो धान्यव्यापारी मीच होतो. आपली चूक दाखवणाऱ्याचे बोलणे राग न धरता ऐकून घेणे आणि चुकलेल्याचा हात न सोडणे, हीच क्षांती."