सरकारांच्या मोटारीचा ढेकर

"बंडा! संध्याकाळी सोनं लुटायला निघायच्या आत या मोटारीचा धूर बंद झाला पाहिजे. नाहीतर मोटारीपुढे बैलासारखं तुला जुंपू आणि तसंच वेशीबाहेर हाकलून देऊ!"

धामणगडचे राजे रणधीरराव दसऱ्याच्या सकाळी राजवाड्यासमोर पाय आपटत उभे होते आणि त्यांची लाडकी मोटार मागून निळा धूर ओकत होती. धूर तरी किती! जळक्या तेलाचा वास थेट देवघरात शिरला होता. पाहुणे म्हणून आलेले शेजारचे राजे नाकाला रुमाल लावून खुदुखुदु हसत होते. सरकारांचं खरं दुखणं तेच होतं.

बंडा लोहार हा मोटारीचा ड्रायव्हर. धूर कशाचा, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. इंजिनाला एक आखूड नळी असते, आत कोंडलेली वाफ तिच्यातून बाहेर पडते. गेल्या महिन्यात सरकार वाकून इंजिन बघत होते, तेव्हा त्या नळीनं त्यांच्या तोंडावर 'फुस्स' केलं.

"मोटार ढेकर देते? आमच्या तोंडावर?" सरकार कडाडले.

"वाहवा! काय अचूक ओळखलंत, सरकार!" दिवाण नीळकंठराव म्हणाले.

झालं! तिथल्या तिथं हुकूम सुटला : 'सरकारांच्या हुजुरात कुणीही ढेकर देऊ नये.' नळीत चांदीचं बूच ठोकून बसवलं. मग बिचारी वाफ जाणार कुठं? ती आतलं तेल नको तिथं ढकलू लागली आणि ते तेल जळून मागून धूर निघू लागला.

"सरकार, ते बूच..." बंडानं भीत भीत तोंड उघडलं.

"बुचाला हात लावायचा नाही! आमचा हुकूम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!"

"वाहवा!" दिवाणजी म्हणाले.

बंडा मुदपाकखान्याच्या दाराशी मटकन बसला. त्याची बायको ठकू आत वाटण वाटत होती.

"ठके, संपलं आपलं! बूच काढलं तर हुकूम मोडला, नाही काढलं तर मी बैल झालो."

"अवो, रडताय काय असं? सरकारांच्या डोक्यात जे शिरत नाही, ते पोटातनं शिरवू!" असं म्हणून ठकू हात पुसत सरळ सरकारांपुढं जाऊन उभी राहिली.

"सरकार, धूर मी बंद करते. माझा माणूस बुचाला बोटसुदिक लावायचा नाही. पण एक मागणं हाय. आज दिवसभर सरकारांचा हुकूम सगळ्यांनी पाळायचा. कुणाला सूट नको!"

"अगं, हुकूम आमचाच! दिली जबान!" सरकार खूश होऊन म्हणाले.

"वाहवा!" हे कोण म्हणालं ते सांगायला नकोच.

दुपारी पंगत बसली. पुरणपोळी होती, तूप होतं आणि सरकारांच्या जिवाभावाची पावट्याची उसळ होती. ठकूनं वाढप्यांना सांगून ठेवलं होतं, सरकारांची वाटी रिकामी दिसता कामा नये. सरकारांनी उसळ हाणली, अगदी आडवा हात मारला. मग पोटावरून हात फिरवला आणि तोंड उघडलं...

"सरकार, हुकूम!" ठकू दारातून ओरडली.

"अगं, तो इतरांना!"

"हुकुमात 'कुणीही' म्हटलंय जी. सरकार जिथं बसतील, तिथं सरकारांची हुजूर आलीच की! आणि सूट नाही म्हणून जबान दिलीय."

शेजारचे राजे टक लावून बघत होते. सरकारांनी तोंड गच्च मिटलं. चेहरा लाल झाला, मिशा थरथरल्या, कमरेचा शेला तट्ट फुगला. आणखी थोडा वेळ त्यांनी कसाबसा दम धरला. शेवटी हात धुवायला म्हणून ते उठू लागले आणि...

काय तो आवाज! दाराशी झोपलेलं कुत्रं शेपूट घालून पळालं.

"वाहवा!" दिवाणजी सवयीनं म्हणाले.

ठकूनं पदर सावरला आणि हात जोडले. "माफी असावी, सरकार. पुढं बूच मारलं की मागनं निघतंच! माणूस काय नि मोटार काय!"

सरकार तिच्याकडे बघतच राहिले. आणि एकाएकी सरकार असे हसत सुटले, की पाटावर परत बसावं लागलं!

"बंडा, काढ ते बूच!"

"नाही जी. मी बोट लावायचं नाही, असं कारभारणीनं कबूल केलंय."

मग काय, सरकार स्वतः गेले आणि बूच उपटलं. 'फुस्स!' मोटारीनं पुन्हा तोंडावर ढेकर दिला. सरकारांनीही मोकळेपणानं तिला तसंच उत्तर दिलं. मोटार जराशी खाकरली, साचलेलं तेल तिनं जाळलं आणि राजवाड्याला एक फेरी मारून आली ती धुराचा मागमूसही न ठेवता.

संध्याकाळी बंडा ऐटीत मोटार घेऊन निघाला. सरकारांनी ठकूला बोलावलं. "आज सगळ्यांना आपट्याचं सोनं, तुला खरं!" म्हणत त्यांनी हातातलं कडं काढून दिलं. "आणि हे चांदीचं बूचही तुलाच."

"कडं घेते, सरकार," ठकू म्हणाली. "बूच दिवाणजींना द्या. त्यांची 'वाहवा' सारखी गळतीय!"

सरकार खदाखदा हसले, शेजारचे राजेही हसले. दिवाणजींनी सवयीनं तोंड उघडलं, बुचाकडे पाहिलं आणि मुकाट्यानं मिटलं.