दोन बोटांचा वाटा

रापणीचा रिवाज असा की, समुद्रातलं जाळं ओढताना दोरीला ज्याचा हात लागेल, त्याला मासळीत वाटा. दाजी खोत तर जाळं वाळूला टेकता टेकता धावत यायचे, दोरीला दोन बोटं लावायचे आणि टोपली भरून न्यायचे.

लोकसभेच्या मतदानादिवशी शेवंती ठेवणीतलं लुगडं नेसून, कोळीवाड्यातल्या बायका घेऊन केंद्राकडे निघाली. खोतांनी झोपाळ्यावरूनच हटकलं.

“गो शेवंते, एवढ्या मोठ्या देशात तुझ्या एका मताने काय होणार? तू नाही गेलीस तरी सरकार यायचं ते येणारच!”

बायकांची मासळी खोतांच्याच खळ्यात वाळायची. त्या थबकल्या. शेवंती मात्र हसली.

“खरंय दाजी. तुमची बोटं नसली तरी जाळं यायचं ते येतंच. मग रोज धावत कशाला येता?”

“कशाला म्हणजे?” खोत उसळले. “बोट लावल्याशिवाय वाटा मागता येतो होय?”

“तेच तर! आम्हीही आज बोट लावायलाच चाललोय. उद्या सरकारकडे ताठ मानेनं वाटा मागायचाय.”

बायका हसत पुढे निघाल्या. मागे झोपाळा थांबला, आणि खोत पायानं वहाणा चाचपू लागले.