सातवी फरशी

“अरे, मग चपला काढू तरी कुठे?”

नरसूबुवा बागेत उभे राहून तिसऱ्यांदा विचारत होते.

श्रीपाद चौबळ मनातून सुखावला. अमेरिकेत चार वर्षं आर्किटेक्चर शिकून त्याने छप्पन साली नाशिकच्या बाहेर हे घर बांधलं, आणि आल्यागेल्या प्रत्येकाची गाडी नेमकी इथेच अडायची. पायरी नाही, उंबरा नाही. बागेतली शहाबादी फरशी तशीच सरळ बैठकीत शिरलेली. मध्ये जमिनीपासून छतापर्यंत काच, तीही बाजूला सरकवली की संपलं. छताला भोक ठेवून त्यातून सोनचाफा वर काढलेला.

“कुठेही काढा, बुवा. या घरात आत-बाहेर असा भेदच नाही.”

“भेदच नाही?”

“मुळीच नाही.”

“वा! आम्हाला हे साठ वर्षांत जमलं नाही.”

हे कौतुक की टोमणा? श्रीपादला कळेना. हल्ली त्याला कशातलंच काही सरळ वाटत नसे. बुवांनी चपला काढल्या, झटकल्या, खांद्यावरच्या झोळीत टाकल्या आणि अनवाणी आत येऊन बसले.

बुवा म्हणजे त्याच्या वडिलांचे गुरू. नदीकाठच्या देवळाच्या ओवरीत राहायचे. श्रीपादने आज त्यांना मुद्दाम बोलावून आणलं होतं, आणि काम एकच होतं.

“बुवा, तुम्हाला माणूस कळतो म्हणतात. तो माळी बघा जरा.”

बाहेर लहानू मोगऱ्याच्या वाफ्यात खुरपं घेऊन उकिडवा बसला होता.

“बघितला.”

“चोर की साव?”

बुवा चाफ्याकडे बघत होते. “हा का रे असा पिवळा पडलाय?”

“लहानू घालायचा पाणी. आता मी घालतो… राहून जातं. बुवा, मी काय विचारतोय?”

“गेलं काय?”

“आईची चांदीची गुलाबदाणी. इथेच, या फळीवर होती. पंधरा दिवस झाले.”

“नेताना पाहिलंस त्याला?”

“पाहिलं असतं तर तुम्हाला कशाला त्रास दिला असता? पण मनात सारखी पाल चुकचुकते. अकरा वर्षं हा माणूस माझ्याकडे बघून हसून बोलायचा. आता मान वर करत नाही. का?”

“तू काय करतोस दिवसभर?”

“मी? लक्ष ठेवतो. डोळ्यांत तेल घालून. काचेचं घर आहे, तेवढा तरी उपयोग.” श्रीपादने बोट दाखवलं. “ती चुन्याची रेघ दिसते? काचेपासून सातवी फरशी. तिच्या अलीकडे पाय टाकायचा नाही, सांगून ठेवलंय त्याला. उद्या लोहार येतोय, सगळीकडे लोखंडी जाळ्या बसवतोय. आणि संध्याकाळी याला काढायचा की ठेवायचा, ते तुम्ही सांगा.”

“हं…” बुवा म्हणाले.

तेवढ्यात लहानू उठून रेघेपर्यंत आला आणि थबकला. “बुवा, झाडाचे दोन पेरू हायेत. घ्या.”

रेघेपलीकडून त्याने हात लांब केला, पण कुठला पोचतोय! बुवाच उठून गेले. लहानूने पेरू झोळीत टाकले. दोघं काहीतरी हळू आवाजात बोलले. लहानूने उपरण्याने डोळे पुसले.

श्रीपादचे कान टवकारले, पण शब्द ऐकू येईना. काय बोलले एवढं? आणि झोळीत पेरूच टाकले ना? मघापेक्षा जड दिसतेय. यांची आधीपासून ओळख तर नाही?

छी! आपण कोणाबद्दल काय विचार करतोय! त्याला स्वतःचीच शिसारी आली. तरी नजर काही झोळीवरून हटेना.

बुवा परत येऊन बसले.

“चारदा बघितलंस,” ते म्हणाले.

“कशाकडे?”

बुवांनी झोळी फरशीवर उपडी केली. चपलांचा जोड. एक पंचा. दोन पेरू.

“बघ की. आत हात घालून बघ. कोपऱ्यात एखादी गुलाबदाणी अडकली असेल.”

श्रीपादला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. कान लाल झाले. “बुवा, तसं नाही हो…”

“कसं नाही?”

“पंधरा दिवस अन्न गोड लागत नाही मला,” तो अखेर म्हणाला. “ड्रॉइंगच्या टेबलाला हात लावला नाही. कोणी आलं की आधी त्याचे हात बघतो. वैताग आलाय बुवा. एकदाचं सांगा, काढू की ठेवू? तुम्ही म्हणाल तसं करतो.”

बुवा उठले.

त्यांनी पेरू घेतले. चपला घेतल्या. चालत सातव्या फरशीपाशी गेले. चुन्याच्या रेघेच्या अलीकडे, श्रीपादच्या बाजूला, त्यांनी चपला नीट जोडून ठेवल्या. मग अनवाणी पायाने रेघ ओलांडली, वाफ्याशेजारी लहानूजवळ मांडी घातली आणि ऐसपैस बसले. एक पेरू फोडून अर्धा लहानूला दिला. दोघं खाऊ लागले.

श्रीपाद काच धरून उभा राहिला. लहानूने अकरा वर्षांत कधी त्याच्यासमोर काही खाल्लं होतं का, त्याला आठवेना. रागवावं की रडावं, तेही समजेना. तो एकेक फरशी पुढे सरकत रेघेशी आला. समोर बुवांच्या चपला. त्याने खाली पाहिलं. त्याच्या पायात घरातल्या सपाता होत्या.

“बुवा… उत्तर नाही दिलंत.”

बुवांनी दुसरा पेरू वर धरला.

“ये रे श्रीपाद, आत ये. किती दिवस बाहेर उभा राहणार?”