डिस्क आणि पॅड यांचं रुळणं

एकदा एक बँडमास्तर आपल्या पार्टीची गाडी घेऊन घाटमाथ्यावरच्या गॅरेजात आला. घाटाखालच्या गावात संध्याकाळी वरात वाजवायची होती आणि ब्रेक दाबला की गाडी किंचाळत होती. मास्तरांचं नाव रंगराव. हात गोड, तोंड तिखट. एकच चाल एकाच लयीत ते वर्षानुवर्षं वाजवत आले होते आणि त्याला परंपरा म्हणत. आपल्याकडे माणूस म्हातारा झाला की त्याच्या सवयींनाही वाकून नमस्कार करावा लागतो.

पार्टीत प्रज्योत नावाचा नवा क्लॅरिनेटवाला होता. तो सूर वरून लाडात घसरवत खाली आणायचा. ऐकणाऱ्यांचे पाय उचलले जायचे, मास्तरांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. "पोरगं रुळत नाही," हे त्यांचं पालुपद. त्या दिवशी तर वाटेतच त्यांनी निकाल दिला होता, की आज मी वाजवतो तस्संच वाजवायचं, नाहीतर गॅरेजपासून एसटी पकडून घरी जायचं, पुन्हा पार्टीत यायचं नाही. प्रज्योत क्लॅरिनेटची पेटी मांडीवर घेऊन बसला होता. उतरावं की राहावं, हे त्याचं ठरत नव्हतं.

गॅरेजचे यसबातात्या मास्तरांहूनही वयानं मोठे. तेही काही संत नव्हते. त्यांच्या तोंडाला कंटाळून कितीतरी शिकाऊ पळाले होते. मास्तरांनी तक्रार मांडली, की ब्रेकचे पॅड नुकतेच नवे घातलेत, माल खराब निघाला, दुसरे घाला. तात्यांनी चाक उतरवलं, पॅड जिला चिमटीत धरून चाक थांबवतात त्या लोखंडी डिस्कवरून नख फिरवलं. नख अडखळत गेलं. डिस्कला खोल खाचा पडल्या होत्या. हीही बदलावी लागेल, असं ते म्हणाले. मास्तर चिडले. डिस्क मूळची, गाडीबरोबर आलेली, तिला नावं ठेवायची नाहीत. तात्यांनी वाद घातला नाही. पुढच्या दोन्ही चाकांना नव्या डिस्क बसवल्या, त्यांवरचं तेल स्वच्छ पुसलं, नवे पॅड घातले.

तात्या हात धुवायला गेले तेवढ्यात मास्तरांनी कुंकू तेलात कालवून चकचकीत डिस्कवर सुरेख स्वस्तिक काढलं. तात्या आले आणि कपाळाला हात लावून उभे राहिले.

"मास्तर, पूजा बॉनेटची करा. इथं तेल लावलं तर देव पावेल, पण गाडी थांबायची नाही."

सगळी पार्टी खो खो हसली. तात्यांनी पुन्हा सगळं पुसून काढलं आणि स्वतः गाडी चालवायला बसले. घाट अजून पुढं होता. त्याआधीच्या माळावरच्या सरळ, रिकाम्या रस्त्यावर त्यांनी वेग घेतला आणि ब्रेक दाबला. गाडी मंदावली, थांबायच्या आत त्यांनी पाय काढला, पुन्हा वेग घेतला. पुन्हा ब्रेक. पुन्हा तेच. माणसं पुढच्या सीटवर आदळत होती, झांजा आपोआप वाजत होत्या. ढोलवाल्यानं प्रत्येक ब्रेकला एक थाप द्यायला सुरुवात केली. मग प्रज्योतला राहवलं नाही. त्यानं क्लॅरिनेट काढलं आणि गाडी मंदावेल तसा सूर वरून खाली घसरवत आणला. गाडीत हसण्याचा नुसता गदारोळ झाला. मास्तरांच्या मिशीआडही काहीतरी हललं, पण त्यांनी ते लगेच आवरलं.

हा काय चाळा चालवलाय, थांबायचं तर धड थांबत का नाही, असं त्यांनी तात्यांना दरडावून विचारलं. तात्यांनी ब्रेकवरचा पाय काढला आणि ब्रेक गार व्हावेत म्हणून गाडी नुसती वाऱ्यावर जाऊ दिली.

"ही दोघं अजून परकी आहेत, मास्तर," ते म्हणाले. "ब्रेक दाबला की पॅड तापतो, आपल्या अंगचा पातळ थर डिस्कवर सोडतो. डिस्कनं तो अंगाला लावून घेतला की पकड येते. रुळायचं दोघांनी असतं. एकटा पॅड कधी रुळत नाही. तुमची जुनी डिस्क आपल्या खाचा तेवढ्या पुढं करत होती. ओरडायचा पॅड, म्हणून शिव्या पॅडला. आणि तापलेला असताना त्याला एका जागी दाबून धरलं, तर तिथं डाग बसतो. मग गाडी थरथरतच राहते."

जो तो नव्यांना रुळायला सांगतो. आपल्या अंगावर नख फिरवून बघायची हिंमत मात्र थोड्याच पांढऱ्या केसांत असते.

गाडी वळवून परत आणल्यावर गॅरेजपाशी तात्या उतरले. प्रज्योतनं पेटी उचलली आणि तोही उतरू लागला. मास्तरांनी त्याच्या दंडाला धरून त्याला परत बसवलं. गाडी घाट उतरली, प्रत्येक वळणावर निमूट, हवी तिथं थांबत.

खाली मांडवासमोर नवरदेव घोड्यावर बसला. कोणत्या पट्टीत वाजवायचं हे मास्तर सांगणार आणि बाकीचे धरणार, हा पार्टीचा रिवाज. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. मास्तरांनी ट्रंपेट ओठांना लावलं, खाली घेतलं आणि मागं वळले.

"प्रज्योत, कुठल्या पट्टीत धरू?"

"काळी एक, मास्तर."

पहिल्याच घसरत्या सुरावर मास्तर मागं पडले, हसले आणि पुन्हा धरायला लागले. वरात नाचायला लागली होती.