भरल्या दरबारात एकटी

“भरल्या दरबारात एकटी होऊन दाखव!” राजा गंभीरदेव राहीवर गरजला.

राही नगराबाहेरच्या टेकडीवर राजतळ्याची राखण करायची. सोबतीला पाणी, वारा आणि दोन शेळ्या. एकटं राहणं तिला गुळाहून गोड! राजाचं अगदी उलट. त्याला क्षणभर एकटं बसवत नसे. आंघोळीलाही चार गप्पिष्ट लागत. त्याच्या वाढदिवसाच्या पंगतीला अख्खी नगरी जेवून गेली, आली नाही ती फक्त राही. म्हणून आज हे बोलावणं.

“माणसांचा एवढा कंटाळा?” राजाने विचारलं होतं.

“कंटाळा कसला, महाराज! माणसं चांगलीच असतात. लांबून तर फारच चांगली दिसतात!”

दरबार खदखदून हसला. राजाला राग आला, पण बोलणं आवडलंही. असली बाई तर रोज बैठकीत हवी!

“मग ऐक,” तो म्हणाला. “ते वेळ मोजायचं घटिकापात्र पाण्यात बुडायच्या आत या दालनात एकटी हो. तू बाहेर जायचं नाही, कुणाला ढकलायचं नाही, ‘जा’ म्हणायचं नाही. जमलं, तर तुला पुन्हा कुणी बोलावणार नाही. नाही जमलं, तर आजपासून मुक्काम राजवाड्यात!”

राजाने दरबाऱ्यांकडे बघून डोळा मिचकावला. साठ दरबारी तिच्याभोवती कोंडाळं करून बसले. भाटाने कवन सुरू केलं, राजमामांनी गुडघेदुखीची कहाणी. राहीचं डोकं भणभणलं. हे असं रोज? जन्मभर? पात्र अर्धं भरलं. तिला आपलं तळं आठवलं, निवांत काठ आठवला, तळाशी साचलेला गाळ आठवला...

राही टुणकन उठली!

“मंडळी, बरं झालं सगळे एकत्र भेटलात! तळ्यात कंबरभर गाळ साचलाय. उद्या पहाटेपासून उपसायचाय. जळवा आहेत थोड्या. पाटी ज्याची त्याने आणायची. बोला, कोण कोण येणार? महाराजांसमोरच हात वर करा!”

कवन मध्येच तुटलं.

“अरे, माझा काढा चुलीवर आहे!” राजवैद्य निघाले.

“घोड्याला नाल मारायची राहिली!” सरदार उठले.

ज्यांना उठायला दोन माणसं लागत, ते राजमामा सर्वांआधी दाराबाहेर! मुजरे करत, पागोटी सावरत दालन रिकामं झालं.

“पण मी आहे ना इथे!” राजा सिंहासनावरून म्हणाला.

“वा! महाराज स्वतः? मग आपली पाटी मी आणते!”

“मी? अं... माझी पूजा राहिलीय वाटतं,” म्हणत राजा लगबगीने पडद्याआड झाला.

बुडुक! पात्र बुडालं.

पडद्यातून राजाचं डोकं बाहेर आलं. “लबाडी! तू सगळ्यांना घालवलंस!”

“मी कुणाला ‘जा’ म्हटलं, महाराज? मी तर एकेकाला ‘या, या’ म्हणत होते!”

राजा पोट धरून इतका हसला की मुकुट कलंडला. हातातलं सोन्याचं कडं त्याने राहीला दिलं. “आणखी काय हवं? माग!”

“गाळ खराच साचलाय, महाराज. पन्नास गडी द्या. पण आठच दिवस. नवव्या दिवशी एकही नको!”