दोन वाड्यांचं पहिलं काम

पुष्कळ काळ लोटला या गोष्टीला. एका डोंगरवाडीत एक पाहुणा आला. पाण्याचा घोटही न घेता त्यानं पाण्याची तोंडभर स्तुती केली, आणि सोनकीच्या मनात पहिल्यांदा काहीतरी खटकलं.

"वा, काय गोड पाणी तुमचं," असं म्हणत त्यानं भरला तांब्या जसाच्या तसा तिच्या हाती परत दिला.

सोनकी वाडीतली तरणी पोर. चार बुकं शिकलेली, पण भारी भित्री. पाल चुकचुकली तरी दचकायची, वाळकं पान पायाखाली मोडलं तरी मागं वळून बघायची. त्यामुळे तिला काही खटकलं, तरी ते कुणी मनावर घेत नसे.

पाहुणा मात्र साधासुधा नव्हता. त्या राज्यात राजाच्या सभेत बसायला दर खोऱ्यातून एक माणूस निवडून जाई. या खोऱ्यात वाड्या दोनच. एक ही अल्याडची, दुसरी दरीच्या समोरच्या कड्यावरची पल्याडची. उमेदवार दोन्हीकडे जाई आणि सभेत बसल्यावर आपण पहिलं काम कोणतं करू, ते सांगे. पटलं तर अल्याडचे कारभारी त्याच्या काठीला आंब्याची डहाळी बांधत, पल्याडचे जांभळीची. दोन्ही डहाळ्या ज्याला मिळत, तो निवडून येई. एकदा बांधलेली डहाळी वाडीला पाच वर्षं परत घेता येत नसे. म्हणून ती दिवस मावळायच्या आत, सगळ्यांच्या देखत, विचार करून बांधायची अशी रीत होती.

उमेदवार पारावर बसला. "बोला कारभारीबाबा, तुमची नड काय?"

"पाणी," म्हातारे कारभारी म्हणाले. "डोंगरावर झरा एकच. त्याचे दोन पाट, अर्धा आम्हाला, अर्धा पल्याडला. उन्हाळ्यात अर्ध्यात भागत नाही. बायका दरीत उतरून हंडे आणतात. गेल्या साली सोनकीची आई घसरली, ती अजून लंगडते."

"मग माझं पहिलं काम तेच. झऱ्याचं सगळं पाणी तुमच्या पाटाला वळवतो. घाटरस्ता, धर्मशाळा, बाकीचं मागाहून."

पारावर एकच आनंद झाला. सोनकीलाही क्षणभर आईचा हंडा उतरल्यासारखं वाटलं. पण तिची नजर खाली गेली आणि ती दचकली.

उमेदवाराच्या वहाणांना तांबडी माती होती. अल्याडची माती काळी. तांबडी फक्त पल्याडला.

"काकू," ती हळूच म्हणाली, "हा आधी तिकडं जाऊन आलाय."

"मग? जाणारच की. खोरं काय आपल्या एकट्याचं आहे?" काकू हसली. "तू आता वहाणांनाही भ्यायला लागलीस होय गं?"

सोनकीचे डोळे मात्र गप्प बसेनात. काठीच्या टोकाला सुताचा तुकडा अडकला होता आणि त्यात जांभळीच्या पानाचा एक देठ. म्हणजे पल्याडची डहाळी याला मिळाली होती. मिळालेली डहाळी माणूस मिरवतो. यानं ती काढून लपवली कशाला?

ती भीतभीतच पुढं झाली. "दादा, पल्याडला तुम्ही पहिलं काम कोणतं सांगितलंत?"

उमेदवार गोड हसला. "बाई, मी ज्याच्या दारात उभा, त्याचं काम पहिलं."

"पण सगळं पाणी इकडं वळवलं, तर ते काय पितील?"

त्याच्या आधी कारभारीच बोलले. "त्यांची काळजी तुला कशाला गं? त्यांनी आपली केली होती का?"

इथंच सगळं अडलेलं होतं. तीन उन्हाळ्यांमागं झऱ्यावरचा वाटणीचा दगड हातभर सरकला. तो कुणी सरकवला ते कधीच कळलं नाही. हे म्हणत त्यांनी, ते म्हणत यांनी. पूर्वी दोन्ही कड्यांवरून कुकारे चालत, कुणाची गाय व्याली, कुणाकडं पाहुणे आले, सारं दरीवरून कळे. दगड सरकला आणि बोलणं तुटलं. तेव्हापासून इकडच्या हाकेला तिकडून ओ येत नसे, आणि तिकडच्या हाकेला इकडून.

"दिवस कलला बाबा," उमेदवार म्हणाला. "रीत मोडायला नको." त्यानं काठी पुढं केली. कारभाऱ्यांनी डहाळी मागवली.

सोनकी कड्याकडं धावली. तिनं तोंडाशी हात धरून कुकारा घातला. दरीतून तिचाच आवाज फिरून आला, आणि त्यालाही ती दचकली.

पारावर हशा पिकला. "सोनकीला बिबट्या दिसला वाटतं," कुणीतरी म्हणालं.

तिनं दुसरा कुकारा घातला. समोरच्या कड्यावर माणसं दिसत होती. एक म्हातारी शेण थापत होती. पूर्वी हीच आईशी तास तास बोलायची. तिनं मान वर केली, आणि पुन्हा खाली घातली.

मागं कारभारी सुताला गाठ मारू लागले. उमेदवार म्हणाला, "जरा घट्ट बांधा."

का कुणास ठाऊक, त्या तीन शब्दांनीच सोनकीची भीती गेली. तिनं छाती भरून श्वास घेतला आणि कुकारा न घालता सरळ विचारलं, "मावशी, दगड आम्हीच सरकवला म्हण हवं तर. पण एवढं सांग, हा माणूस तुम्हाला पहिलं काय देणार म्हणाला?"

पारावरचा हशा थांबला. म्हातारी उठली, शेणाचे हात तसेच घेऊन कड्याच्या टोकाशी आली.

"ओ," ती म्हणाली. तीन वर्षांतली ती पहिली ओ होती. "सगळं पाणी आमच्या पाटाला वळवणार म्हणाला. का गं? तुम्हाला काय देतोय?"

कारभाऱ्यांचा हात अर्ध्या गाठीवर थांबला, आणि आंब्याची डहाळी सुटून काळ्या मातीत पडली.

ऐकणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं ते इतकंच: ज्या शेजाऱ्यांचं आपसात बोलणं तुटतं, त्या दोघांनाही एकच पाणी देऊ करणारा तिसरा हमखास येतो.